चाकाची साक्ष

1970च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत संघाने चंद्रावर लुनोखोद-1 ही आठ चाकांची गाडी उतरवली. दुसऱ्या खगोलीय पिंडावर दूरनियंत्रणाने चाललेली ही पहिलीच गाडी. साडेदहा किलोमीटर फिरून 1971च्या सप्टेंबरमध्ये ती मुकी झाली. तिच्या पाठीवर फ्रेंच बनावटीचा एक परावर्तक बसवलेला होता. पृथ्वीवरून लेसर सोडायचा, परतलेला किरण टिपायचा आणि चंद्राचे अंतर अचूक मोजायचे, एवढ्यासाठी. पण गाडी थांबल्यानंतर पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तो परावर्तक कोणाला सापडेना. धुळीने माखला असेल, कलला असेल, असे तर्क चालले. 2010मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या लुनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या छायाचित्रांत गाडी दिसली, तेव्हा कळले की तिची मानलेली जागाच काही किलोमीटरने चुकलेली होती. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेतून योग्य ठिकाणी लेसर सोडल्यावर परावर्तकाने झकास उत्तर दिले.

गंमत अशी, की जिची नेमकी जागा कोणालाच ठाऊक नव्हती ती गाडी तिच्या हयातीत व्यवस्थित चालली होती. समोरचा दगड चुकवायला अक्षांश-रेखांश लागत नाहीत. ते लागतात पुढल्या आठवड्यात अमुक टेकडीच्या पायथ्याशी पोहोचायचे असेल तेव्हा. आणि या दोहोंपेक्षा निराळी अशी एक तिसरी अडचण आहे: चाकाखालची जमीन भार पेलेल की नाही, हे कळण्याची. रोव्हर वाट कशी काढतात याचा पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला तर या तिन्ही बाबतींतली प्रगती सारखी नाही. दगड ओळखण्यात अभियंत्यांनी कमाल केली. स्वतःची जागा ओळखण्यात बरीच मजल मारली. मातीच्या बाबतीत मात्र ते अजून चाचपडत आहेत.

आधी परिस्थिती लक्षात घेऊ. मंगळाभोवती जीपीएसचे उपग्रह नाहीत. मंगळाला आज पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे होकायंत्र निरुपयोगी. पृथ्वीवरून गाडी हाकावी म्हटले तर रेडिओ संदेशाला एका बाजूनेच 3 ते 22 मिनिटे लागतात. त्यातही थेट संवाद थोडा. बहुतेक छायाचित्रे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या मार्फत, ती डोक्यावरून जातील तेव्हा येतात. व्यवहारात नियम असा पडतो की रोव्हरच्या सकाळी दिवसभराच्या आज्ञा पाठवायच्या आणि त्यांचे काय झाले ते संध्याकाळी पाहायचे.

चंद्रावर हा उशीर सव्वा सेकंदाच्या आसपास. म्हणूनच लुनोखोद माणसांनी हाकता आली. क्रिमियात सिम्फेरोपोलजवळच्या केंद्रात पाच-पाच जणांची दोन पथके होती. त्यांत गाडी चालवणारा, दिशा पाहणारा, अँटेना सांभाळणारा असे वेगवेगळे लोक. पडद्यावर हलते चित्र नव्हते, काही सेकंदांनी एक स्थिर चित्र येई. ते पाहायचे, त्यातल्या काळ्या सावलीत खड्डा आहे की नुसती सावली हे ठरवायचे, मग आज्ञा द्यायची. या गाडीला एक नववे चाकही होते, आणि मला तिच्यातली सर्वांत हुशार गोष्ट तीच वाटते. त्या चाकाला मोटर नव्हती; ते नुसते जमिनीवर फरफटत फिरे. मोटरवर फिरणारी आठ चाके घसरली तरी हे नववे चाक गाडी सरकेल तेवढेच फिरणार. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे घसरण. चाकाच्या साक्षीचा चाकाच्याच मदतीने पडताळा घ्यायची ही युक्ती पुढच्या बहुतेक रोव्हरांनी सोडून दिली, आणि त्याची किंमत मोजली.

अर्थात नववे चाकही काही ब्रह्मवाक्य नव्हते. 1973मध्ये उतरलेली लुनोखोद-2 अधिकृतपणे 37 किलोमीटर चालली, असे अनेक वर्षे छापले गेले. तिच्या चाकांच्या खुणा चंद्राभोवतीच्या यानाच्या छायाचित्रांत मोजल्यावर आकडा 39 निघाला. हा हिशेब अगदी वेळेवर झाला, कारण 2014मध्ये नासाचा ऑपॉर्च्युनिटी मंगळावर तोच विक्रम मोडण्याच्या बेतात होता. लुनोखोद-2चा शेवटही वाट न दिसल्यामुळेच झाला. ती एका लहान विवरात शिरली, पाठीवरचे उघडे झाकण विवराच्या भिंतीला टेकले, त्यावर माती पडली. पुढे झाकण मिटल्यावर तीच माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर सांडली आणि गाडी तापून निकामी झाली.

मंगळावरचा पहिला फिरता रोव्हर सोजर्नर, जुलै 1997. वजन साडेदहा किलो, वेग सेकंदाला एक सेंटिमीटर, मेंदू म्हणजे 2 मेगाहर्ट्झचा 80सी85 प्रोसेसर. ही चिप आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्या 8085वर पिढ्यान्‌पिढ्या प्रॅक्टिकल झाली त्याच घराण्यातली. सोजर्नर पाच लेसर पट्टे समोर टाकी. जमीन सपाट असेल तर पट्टा सरळ, दगड असेल तर वाकडा. एवढ्यावर तो दगड चुकवत असे. चाकांचे फेरे आणि जायरो यांवरून तो स्वतःची जागा ठरवी, पण ती इतकी भरकटे की दररोज पाथफाइंडर लँडरच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढून ती नव्याने सांगावी लागे. पृथ्वीवरचा चालक त्रिमितीय चष्मा लावून लँडरच्या छायाचित्रांत फिरे आणि वाटेवरचे टप्पे रोवून ठेवी. रोव्हर सुमारे 100 मीटर चालला, लँडरच्या नजरेआड न जाता.

खरे वळण आले ते 2004च्या जानेवारीत, स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी उतरल्यावर. यांच्याकडे पाहणारा लँडर नव्हता. पुढे-मागे धोका टिपणारे हॅझकॅम, खांबावर नॅव्हकॅम, आणि सगळे जोडीजोडीने. दोन कॅमेऱ्यांत एकच दगड किंचित वेगळ्या जागी दिसतो. त्या फरकावरून अंतर काढता येते. अशा हजारो बिंदूंचा नकाशा करून रोव्हर जमिनीचे चौकोन पाडी, प्रत्येकाला चढ, खडबडीतपणा, उंचवटा पाहून गुण देई आणि त्यांतल्या त्यात बरी वाट निवडी. दिशेसाठी कॅमेरा सूर्य शोधी. घड्याळातली वेळ आणि सूर्याची जागा ठाऊक असली की उत्तर दिशा सापडते, हे दर्यावर्दी शतकानुशतके करत आले आहेत.

पण अंतराचे काय? ऑपॉर्च्युनिटी ज्या ईगल नावाच्या लहान विवरात उतरला, तिथून बाहेर पडताना पहिल्याच प्रयत्नात चाके फिरत राहिली आणि गाडी चढावर सरकेना. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वाटेने ती बाहेर पडली. पावसाळ्यात शेतात रुतलेल्या जीपचा स्पीडोमीटर चाळीस दाखवतो आणि जीप जागची हलत नाही, तसला प्रकार. यावर उपाय आधीच सॉफ्टवेअरमध्ये भरून पाठवलेला होता, पण जोडीला असावा म्हणून, मुख्य साधन म्हणून नव्हे. त्याचे नाव व्हिज्युअल ओडोमेट्री. रोव्हरने समोरच्या दृश्यातले ठळक ठिपके निवडायचे: दगडाचा कोपरा, खड्ड्याची कड. पाऊण मीटरपर्यंत सरकायचे. पुन्हा फोटो काढून तेच ठिपके शोधायचे. ते जेवढे हलले त्यावरून आपण किती हललो हे काढायचे. चाके काय म्हणतात याच्याशी या हिशेबाला देणेघेणे नाही. कल्पना जुनी आहे. स्टॅनफर्डमध्ये हान्स मोराव्हेकने कॅमेऱ्यावर चालणाऱ्या गाडीवर 1980मध्ये प्रबंध लिहिला, आणि पुढे जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत लॅरी मॅथीस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती मंगळासाठी तयार केली.

अडचण वेळेची. 20 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एका पावलाचा हा हिशेब करायला तीन मिनिटांपर्यंत लागत. म्हणजे डोळे उघडे ठेवून चालायचे तर तासाला दहा-पंधरा मीटर. ऑपॉर्च्युनिटी जिथे उतरला त्या मेरिडियानीच्या सपाट मैदानावर इतकी सावधगिरी कोण बाळगणार? तिथे चालक आदल्या छायाचित्रांवरून सरळ रेषा आखत आणि रोव्हर चाकांच्या भरवशावर आंधळी चाल करी. 2005च्या मार्चमध्ये ऑपॉर्च्युनिटीने अशी एका दिवसात 220 मीटरची मजल मारली. पुढच्याच महिन्यात, 26 एप्रिलला, तो नव्वदेक मीटरच्या चालीवर निघाला. चाळीसेक मीटर गेल्यावर जेमतेम फूटभर उंचीच्या वाळूच्या लाटेत तो रुतला. चाके मात्र उरलेल्या पन्नास मीटरांचे फेरे इमानेइतबारे पुरे करत राहिली, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक खोल जात राहिली. पृथ्वीवर लोकांनी संध्याकाळचा फोटो उघडला तेव्हा चाके वाळूत बुडालेली होती. कॅलिफोर्नियात तशीच वाळू तयार करून, तिच्यात जुळी गाडी रुतवून प्रयोग झाले, आणि 4 जूनला रोव्हर सुटला. त्या लाटेला चालकांनी ‘पर्गेटरी’ नाव दिले. त्यानंतर नियम झाला, की आंधळी चाल असली तरी मधूनमधून थांबायचे, डोळे उघडायचे, आणि चाके खोटे बोलत असतील तर तिथेच थांबायचे.

पुढचा मंगळ-रोव्हर क्युरिऑसिटी 2012मध्ये उतरला तेव्हा हे सगळे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. त्याच्या चाकांवर छिद्रे आहेत, त्यांतून मातीत मोर्स लिपीत ‘जेपीएल’ उमटते. ही नुसती हौस नव्हे. एकसारख्या वाळूत ठिपके सापडत नाहीत, तेव्हा मागे वळून स्वतःच्याच ठशांकडे पाहायचे आणि त्यांवरून चाल मोजायची. वर्षभरात मात्र निराळेच दुखणे निघाले. 2013मध्ये चाकांच्या पत्र्याला भोके पडलेली दिसू लागली. हा पत्रा पाऊण मिलिमीटर जाडीचा, आणि तो फिरत होता त्या गेल विवरातले काही दगड जमिनीत पक्के रुतलेले, वर टोकदार. नकाशाच्या हिशेबाने असा दगड निरुपद्रवी: उंची थोडी, चढ नाही. कॅमेऱ्याला आकार दिसतो. दगड हलेल की पक्का राहून पत्रा फाडेल, हे दिसत नाही. मग चालकांनी वरून काढलेल्या छायाचित्रांत मऊ जमीन शोधून वाटा बदलल्या. पण मऊ जमीन म्हणजे वाळू, आणि वाळू म्हणजे पुन्हा रुतण्याची भीती. 2014च्या फेब्रुवारीत डिंगो गॅपची मीटरभर उंच वाळूची टेकडी त्याने ओलांडली. त्याच वर्षी हिडन व्हॅलीतून घसरण वाढल्यामुळे मागे फिरावे लागले. दगड टाळला की वाळू, वाळू टाळली की दगड, असा हा प्रवास.

त्यानंतरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने 2021पासून जे साधले, ते मुळात वेगाचे आहे, आणि वेग म्हणजे चाकांचा नव्हे, विचाराचा. क्युरिऑसिटी स्वतःच्या बुद्धीने चालतो तेव्हा तासाला सुमारे 20 मीटर जातो, कारण दर पावलाला थांबून फोटो काढायचा आणि हिशेब करायचा. पर्सिव्हिअरन्स 120 मीटरपर्यंत जातो. त्याच्याकडे चित्रांच्या हिशेबासाठी वेगळा संगणक आहे. उतरताना खालची जमीन नकाशाशी ताडून सुरक्षित जागा शोधण्याचे काम त्यानेच केले होते, आता तोच वाट शोधतो. कॅमेरेही चालत्या गाडीतून स्पष्ट फोटो काढण्याइतके चपळ. त्यामुळे थांबायचे कारणच उरले नाही. शिवाय जुने सॉफ्टवेअर रोव्हरला एक मोठी तबकडी समजे आणि तबकडी मावेल एवढी मोकळी जागा मागे. नवे सॉफ्टवेअर प्रत्येक चाक किती वर-खाली जाईल, पोटाखाली दगड लागेल का, हे पाहते, म्हणून दगड दोन चाकांच्या मधून जाऊ देते. 2023च्या उन्हाळ्यात स्नोड्रिफ्ट पीक नावाचा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा दगडांचा पट्टा त्याने असाच पार केला. पहिल्या मंगळवर्षात तो 17.7 किलोमीटर चालला, त्यांतले 88 टक्के अंतर स्वतःच्या नजरेने जोखून. माणसाने मध्ये काही न तपासता तो सलग 699.9 मीटरपर्यंत गेला. रोव्हर-चालक म्हणून अनेक वर्षे काम केलेल्या भारतीय वंशाच्या वंदी वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023मध्ये हे आकडे प्रसिद्ध केले. 2025च्या जूनमध्ये त्याने एका दिवसात 411 मीटरही गाठले.

इथे लोकांचा एक समज दुरुस्त करायला हवा. रोव्हर ‘स्वयंचलित’ झाला म्हणजे चालकांचे काम संपले, असे नव्हे. कुठल्या खडकाकडे जायचे, कुठला वाळूचा पट्टा निषिद्ध, हे आजही माणसे नकाशावर आखतात. रोव्हर पुढल्या काही मीटरांचा विचार करतो. क्षितिजापलीकडचा विचार करायला मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरची छायाचित्रे लागतात, ज्यांत एका ठिपक्यात पंचवीस-तीस सेंटिमीटर जमीन मावते. त्या छायाचित्रांत रोव्हर नेमका कुठे उभा आहे, हेही बहुतेक काळ माणसांनीच रोव्हरचे फोटो आणि नकाशा समोरासमोर ठेवून ठरवले आहे. व्हिज्युअल ओडोमेट्रीतली लहान लहान चूक साठत जाते. लांब चालीनंतर रोव्हरला स्वतःची जागा काही मीटरांनी चुकीची वाटू लागते. त्यामुळे निषिद्ध पट्ट्यापासून तो लवकरच बिचकून थांबतो. ही जुळवणी रोव्हरनेच करावी, यासाठी प्रयत्न चालू आहेत, आणि माझ्या अंदाजाने पुढची मोठी बचत तिथेच आहे.

चंद्रावरच्या चालीत आपलेही नाव आहे. 23 ऑगस्ट 2023ला चांद्रयान-3चा लँडर विक्रम उतरला आणि त्यातून 26 किलोंचा प्रज्ञान रोव्हर बाहेर पडला. सहा चाके, वेग सेकंदाला एक सेंटिमीटर, पुढे बंगळुरूच्या ‘लिऑस’ प्रयोगशाळेने घडवलेले दोन नॅव्हकॅम. त्यांच्या फोटोंवरून जमिनीचा उंच-सखल नकाशा पृथ्वीवर तयार व्हायचा, तिथले पथक वाट ठरवणार, मग आज्ञा विक्रममार्फत प्रज्ञानकडे. प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल यांनी सांगितल्याप्रमाणे हा नकाशा जेमतेम पाच मीटरांपर्यंतचाच होऊ शके, म्हणून एका आज्ञेत पाच मीटरांहून अधिक चाल नाही, आणि दोन चालींमध्ये सुमारे पाच तास. 27 ऑगस्टला तीन मीटर पुढे चार मीटर व्यासाचे विवर दिसले, तेव्हा गाडी मागे वळवून नव्या वाटेने नेली. चौदा दिवसांच्या चांद्रदिवसात प्रज्ञान शंभर मीटरांहून थोडा अधिक चालला.

यातला पाच तासांचा आकडा विचार करण्यासारखा आहे. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंद. म्हणजे उशीर प्रकाशाचा नव्हता. तो फोटो उतरवण्याचा, नकाशा करण्याचा, चार जणांनी तपासून मान्यता देण्याचा होता. 2019मध्ये चांद्रयान-2चा विक्रम आदळला तेव्हा पहिला प्रज्ञान बाहेर न पडताच गेला होता. त्यामुळे दुसऱ्या वेळी ही काळजी समजण्यासारखी आहे. पण पुढच्या भारतीय रोव्हरला दूर जायचे असेल, तर चाके मोठी करण्याआधी या पाच तासांतले किती तास रोव्हरच्या अंगावर टाकता येतील हे बघावे लागेल.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आणखी एक पंचाईत आहे. सूर्य क्षितिजालगत, सावल्या लांबलचक आणि गडद काळ्या. पाठीशी सूर्य असला तर दगडांची सावली दगडांमागेच लपते आणि सगळी जमीन सपाट भासते. समोर असला तर कॅमेरा दिपतो. नासाची व्हायपर ही रद्द होऊन पुन्हा मार्गी लागलेली गाडी म्हणूनच समोर दिवे घेऊन जाणार आहे. जागा ओळखण्यासाठी मात्र चंद्राला अनपेक्षित आधार मिळू शकतो. 2025च्या मार्चमध्ये ब्ल्यू घोस्ट लँडरवरच्या एका उपकरणाने पृथ्वीच्या जीपीएस आणि गॅलिलिओ उपग्रहांचे संकेत थेट चंद्राच्या जमिनीवर पकडले. मंगळाला असला शेजार नाही.

डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची मर्यादा सर्वांत स्पष्ट दाखवली ती चाके नसलेल्या यंत्राने. पर्सिव्हिअरन्सबरोबर गेलेले इंजेन्युइटी हेलिकॉप्टर खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या जोरावर स्वतःची गती मोजी. तत्त्व तेच, ठिपके शोधण्याचे. 18 जानेवारी 2024ला, 72व्या उड्डाणात, ते वाळूच्या एकसारख्या लाटांवर होते. कॅमेऱ्याला पकडायला ठळक काही मिळेना. गतीचा अंदाज चुकला, हेलिकॉप्टर आडव्या वेगासह आदळले आणि पाती मोडली. चाकावर विश्वास नको म्हणून डोळे आणले, तर वाळूने डोळ्यांनाही फसवले.

आणि वाळूच्या पोटात काय आहे हे तर कोणालाच दिसत नाही. स्पिरिटचे पुढचे उजवे चाक 2006मध्ये बंद पडले होते. ते फरफटवत, उलटे चालत तो तीन वर्षे हिंडला. त्याच फरफटीने माती उकरली गेली आणि सिलिकायुक्त पांढरा थर सापडला, हा त्यातला अनपेक्षित लाभ. 2009च्या वसंतात ट्रॉय नावाच्या जागी पातळ कवच फुटले आणि खालच्या सल्फेटयुक्त भुसभुशीत वाळूत चाके गेली. वरून ती जमीन आसपासच्या जमिनीसारखीच होती. कुठल्याही जोड-कॅमेऱ्याने, कुठल्याही हिशेबाने तिला चांगलेच गुण दिले असते. स्पिरिट तिथून सुटला नाही. 22 मार्च 2010नंतर त्याचा आवाज आला नाही.

यावर सध्या दोन रस्ते शोधले जात आहेत. एक, मातीच्या रूपावरून, लाटांच्या आकारावरून, दिवसभरात तापून रात्री थंड होण्याच्या वेगावरून ती किती सैल असेल याचा अंदाज बांधायचा. उपयोगी आहे, पण अंदाजच. दुसरा रस्ता उलट्या बाजूने जातो: रुतण्याचे भाकीत जमत नसेल तर रुतल्यावर निघता यावे. चीनचा झुरोंग 2021मध्ये युटोपिया प्लॅनिशियात उतरला आणि 1,921 मीटर चालला. त्याला पोट वर उचलून, चाके आळीपाळीने पुढे सरकवत सरपटता येत असे. युरोपचा रोझालिंड फ्रँकलिन 2028मध्ये निघायचा आहे, ऑक्सिया प्लॅनमकडे. त्याची सहाही चाके स्वतंत्रपणे पाय उचलल्यासारखी हलवता येतात. वाळूत फिरणारे चाक खोटे बोलू लागले, की तो चाके फिरवणे सोडून त्यांच्यावर चालू लागेल.